ठरावाचं तळं

मंडळी, जरा इकडे सावलीला या. गावात याला ठरावाचं तळं म्हणतात. तळं वाकडं आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. उत्तरेचा काठ दोरी धरून आखल्यासारखा सरळ, पलीकडचा पोटात गेलेला, दक्षिणेकडे अरुंद पण खोल, आणि तिकडे बोरीचं झाड आहे तिथे सगळ्यात लहान कोपरा. पाहुणे विचारतात, कोणत्या अडाण्यानं खणलं हो हे? त्यांना सांगावं लागतं की अडाणी त्यात एकच होती. बाकी दहा जण चांगले शिकलेसवरलेले होते आणि ते या महाविद्यालयाचं पहिलं नियामक मंडळ होतं.

मी महादू लोखंडे. बत्तीस वर्षं इथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मंडळावर नवे सदस्य आले की पहिल्या सभेआधी त्यांना तळ्यावर आणायचं आणि ही हकिकत सांगायची, एवढं काम माझ्याकडे राहिलं आहे. माझ्याआधी ते ग्रंथालयातले सखाराम शिपाई करायचे. त्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, असं ते सांगत. अर्थात ते बऱ्याच गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगत, तेव्हा तुम्ही आपल्या हिशेबानं घ्या. सभा अकराला आहे. तासभर आहे आपल्या हातात.

असं सांगतात की तेव्हा हा नुसता माळ होता. कुसळं, दगड आणि म्हशी. हिंगणदऱ्याच्या पंचक्रोशीत मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर चाळीस मैलांवर जावं लागे. मुलगे कसेबसे जात, मुली जात नसत. मग गावातल्या आणि तालुक्यातल्या अकरा माणसांनी मिळून महाविद्यालय काढायचं ठरवलं. अध्यक्ष झाले दादासाहेब झांबरे. मोठे बागाईतदार, रेशमी कोशाचा फेटा, पांढरा लांब कोट, आणि बोलले की समोरच्यानं मान हलवायची हा शिरस्ता. चिटणीस विष्णुपंत आठल्ये वकील. प्राचार्य म्हणून गणिताचे काटकर सर आधीच नेमून ठेवले होते. महाविद्यालयच नव्हतं, पण प्राचार्य होते. आणि अकराव्या सदस्य सोनाबाई ढवळे.

सोनाबाई गावच्या सुईण. साठी ओलांडलेली, नवरा कधीच गेलेला, लिहिता-वाचता येत नाही. पण हा आठ एकर माळ त्यांचा होता आणि तो त्यांनी महाविद्यालयाला देऊन टाकला. त्यांची नात यमुना त्या वर्षी मॅट्रिक झाली होती. यमुनेच्या बापाचं, म्हणजे सोनाबाईंच्याच लेकाचं, म्हणणं असं की माळावर कॉलेज जूनला उघडलं तर पोरगी शिकेल, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. स्थळ बघून ठेवलेलं होतं. सोनाबाईंनी माळ दिला तो या एका जूनसाठी.

आता चूक कशी झाली ते ऐका, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. विद्यापीठाकडे परवानगीचा अर्ज करायचा होता. विष्णुपंतांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या जुन्या महाविद्यालयाचा अर्ज नमुना म्हणून मिळवला आणि त्यावरून आपला तयार केला. नावं बदलली, गाव बदललं, सदस्य बदलले. पण त्या शहरातल्या महाविद्यालयाच्या आवारात एक तळं होतं. ते तळं उतरवून घेताना तसंच आपल्या अर्जात आलं. ‘आवारात बारमाही पाण्याचे तळे आहे.’ विष्णुपंतांचं अक्षर इतकं सुरेख होतं म्हणे, की ते वाक्य सगळ्या अर्जात उठून दिसत असे.

उठून दिसायला कोणी तरी वाचावं लागतं. सभा भरली ती दादासाहेबांच्या ओसरीवर. आतून कांदाभज्यांचा वास येत होता. विष्णुपंत अर्ज वाचायला उभे राहिले, तेव्हा दादासाहेब म्हणाले, ‘चौदा पानं आहेत. वाचला असं समजू या.’ सगळ्यांनी मान हलवली. इतिवृत्तात ठरावाची नोंद झाली, ‘अर्ज वाचला असे समजण्यात आले.’ दहा जणांनी अर्जावर आणि ठरावावर सह्या केल्या. सोनाबाईंनी अंगठा लावला आणि भजी आली.

दीड महिन्यानं विद्यापीठाचं पत्र आलं. काटकर सरांनी ते सभेत मोठ्यानं वाचलं. आजपासून एकविसाव्या दिवशी तीन जणांची समिती जागा पाहायला येईल. या अवर्षणी भागात आपल्या आवारात तळं असल्याचं वाचून समितीला विशेष आनंद झाला असून, ते पाहण्याची तिची इच्छा आहे.

मग सोनाबाई म्हणाल्या, ‘‘कुठलं तळं म्हनायचं हे?’’

विष्णुपंतांनी अर्जाची नक्कल काढली, पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चूक लपवली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. काटकर सर म्हणाले की विद्यापीठाला खरं कळवून टाकू. पण तसं कळवलं तर अर्ज रद्द होणार आणि नवा अर्ज पुढच्या वर्षी. म्हणजे जून गेला.

दादासाहेबांनी तोडगा काढला. समितीला गावात ठेवून घेऊ, पुरणपोळी करू, माळ गाडीतूनच दाखवू. तळ्याचं विचारलं तर उन्हाळ्यात आटलं म्हणून सांगू. सगळ्यांना हायसं वाटलं. विष्णुपंतांनी लेखणी उचललीसुद्धा.

‘‘आटलं म्हनायला आदी असाया पायजे की,’’ सोनाबाई म्हणाल्या.

दादासाहेब हसून म्हणाले, ‘‘सोनाबाई, एवढं मनावर घेऊ नका. कागदावरचं असतं ते.’’

‘‘तुमी सह्या केल्या, दादासाहेब. तुमास्नी वाचता येतं, तुमी वाचलं न्हाई. मला येतच न्हाई, मी तुमच्या भरवशावर अंगठा लावला. ह्या हातानं निम्मं गाव जल्माला घातलंय, तुमची तिन्ही पोरं त्यात आली. ह्यो हात आजपातुर खोट्यावर पडला न्हाई. तवा तळं हाय म्हनून लिवलंय ना, मग तळं व्हनार. आन त्याचं पानी प्याल्याबिगार मी ह्या सभंत बसायची न्हाई.’’

एवढं बोलून त्या उठून गेल्या. त्यांच्या त्या बोलण्यालाच पुढे लोक सोनाबाईचा पण म्हणू लागले. त्या वेळी मात्र मंडळाला वाटलं, म्हातारी रागावली आहे, दोन दिवसांत शांत होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई कुदळ आणि घमेलं घेऊन माळावर आल्या आणि खणायला लागल्या. गुराख्यांनी बातमी गावात नेली. दहा-वीस माणसं फावडी घेऊन धावली, कारण हे गाव कुणाला एकटं कष्ट करू देत नाही. सोनाबाईंनी त्यांना वरच थांबवलं. ‘‘ठरावावर तुमचं नाव हाय का? न्हाई ना? मग घरला जावा. ज्यांनी लिवलंय त्यांनी खनायचं.’’ लोक परत गेले, पण दुपारची भाकरी मात्र रोज कुणी ना कुणी आणून ठेवू लागलं.

तिसऱ्या दिवशी काटकर सर आले. सोबत दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी. आधी त्यांनी अर्धा दिवस आखणी केली, मग सदरा काढून खणायला उतरले. तो उत्तरेचा सरळ काठ दिसतो ना, तो त्यांचा. विष्णुपंत पाचव्या दिवशी आले. त्यांनी जन्मात लेखणीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. संध्याकाळी हाताला रुमाल बांधून घरी जात आणि सकाळी तोच रुमाल बांधून येत. एकदा जिथे सुरुवात केली ती जागा त्यांनी सोडली नाही, म्हणून दक्षिणेला अरुंद आणि खोल. मग डॉक्टर आले, निवृत्त मामलेदार आले, भुसारवाले आले. दोन आठवड्यांत अकरातले दहा जण खड्ड्यात होते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, तसा काठ वेगळा.

सोळाव्या दिवशी पुरुषभर खोलीवर कातळ लागला. पहार मारली की नुसत्या ठिणग्या. पाण्याचा पत्ता नाही, ओलसुद्धा नाही. सतराव्या दिवशी दहाही जण खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. सखाराम शिपाई सांगत की त्या दिवशी डॉक्टर रडले. मला हे खरं वाटतं, कारण पंधरा दिवस मान मोडून केलेलं काम वाया जाताना पाहिलं की माणूस शिकलेला असला तरी रडतो.

अकरावे कोण, हे सांगायला नको. दादासाहेब घरीच होते. ‘अध्यक्षानं टिकाव धरला तर पदाची शोभा काय राहिली,’ असं ते म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याच घरून रोज दोन घागरी ताक माळावर येत होतं. पण स्वतः येणं त्यांना जमत नव्हतं आणि जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. असं आपलंही होतं की नाही?

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर सोनाबाई त्यांच्या घरी गेल्या. ओसरीच्या पायरीशीच उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत. सभा त्याच ओसरीवर भरायची आणि पणच होता तो.

‘‘दादासाहेब, धा जनांचं खनून झालं. पानी न्हाई.’’

‘‘मग मी येऊन काय होणार आहे, सोनामावशी? मी का जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या आहे?’’

‘‘ते मला ठावं न्हाई. ठरावावर नावं अकरा हायती, एवढं मला ठावं हाय. म्होरलं चार दिस आमी असंच बसून ऱ्हानार. तुमी आलासा तर बी बसू, न्हाई आलासा तर बी बसू. पर समिती आल्यावर मी खरं ते सांगनार, आन त्यात तुमी न्हवता हे बी सांगावं लागंल. ते सांगायचं माझ्या जिवावर येतंय, म्हनून आले.’’

एवढं सांगून त्या निघून गेल्या.

अठराव्या दिवशी सकाळी दादासाहेब माळावर आले. स्वतःचं घमेलं स्वतःच्या डोक्यावर. काठावर येऊन त्यांनी फेटा काढला, कोट काढला, घडी घालून दगडावर ठेवला आणि विचारलं, ‘‘माझी जागा कोणती?’’

जागा शिल्लक नव्हती. दहा जणांनी सगळा खड्डा वाटून घेतला होता. उरला होता फक्त तो कोपरा, जिथे बोरीचं जाळं होतं. काट्यांमुळे तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. दादासाहेब निमूट तिकडे गेले, काटे अंगावर ओढत बोर छाटली आणि मुळाशी कुदळ घातली. दुपारपर्यंत हाताचे कोपर रक्तानं माखले. कोणी त्यांना थांबा म्हटलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही. आणि ऊन कलायच्या सुमारास त्यांच्या पायाखालची माती काळी पडली. त्यांनी ती मुठीत घेऊन दाबली. बोटांतून पाणी आलं.

असं सांगतात की मंडळाची गणपूर्ती झाली तेव्हाच भूमी पावली. गावातली जुनी माणसं अजून हात जोडून हे सांगतात. आमचे भूगोलाचे सर म्हणायचे की त्यात चमत्कार काही नाही, एवढ्या कोरड्या माळावर बोर हिरवी होती म्हणजे खाली कातळाला फट असणार, कोणत्याही पाणाड्यानं पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं. दोन्ही खरं असेल. पण दहा शहाण्यांनी काटे टाळले आणि जो सगळ्यात उशिरा आला त्याच्या वाट्याला ते काटे आले, हेही खरंच. मला विचाराल तर मी आपला हात जोडणाऱ्यांत.

सोनाबाई खाली उतरल्या. ओंजळभर गढूळ पाणी प्यायल्या. ‘‘आता बसते सभंत,’’ म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी समिती आली. प्रमुख होते एक वयस्कर प्राध्यापक, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. तळ्यात पाणी तेव्हा एखादी म्हैस बसेल एवढंच होतं. ते बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘हे तळं केव्हाचं?’’

काटकर सरांना खोटं बोलता येत नसे. ‘‘तीन दिवसांचं,’’ ते म्हणाले.

‘‘अर्ज तर दोन महिन्यांपूर्वीचा आहे.’’

सगळं तिथेच संपलं असतं. विष्णुपंतांनी डोळे मिटून घेतले. यमुना त्या दिवशी लोकांसाठी पाणी घेऊन आली होती, ती लांब उभी राहून ऐकत होती. तिला तिचं दिवाळीनंतरचं लग्न दिसलं असेल. तेवढ्यात सोनाबाई पुढे आल्या. त्यांनी सगळं सांगितलं. न वाचलेला अर्ज सांगितला, भजी सांगितली, आटलं म्हणून सांगायचा बेतसुद्धा सांगितला. दादासाहेब मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘खोटं लिवलं ते आमीच. ते खरं करता आलं तेवढं केलं. त्यात आनखी काय काय लिवलंय ते आमी अजून वाचलेलं न्हाई. तुमच्यापाशी कागद हाय, तर वाचून दावा. मग त्याचं बी बघू.’’

प्रमुखांनी चष्मा पुसला आणि त्या बोरीच्या बुंध्याशी बसून चौदाच्या चौदा पानं वाचून दाखवली. अकरा जण उन्हात उभे राहून ऐकत होते. तो अर्ज पूर्ण वाचला गेला तो त्या दिवशी, आणि वाचला तो ज्यांच्याकडे केला होता त्यांनी. अर्जात पूर्वेला आमराई निघाली. पश्चिमेला दगडी घंटाघर निघालं.

‘‘आंब्याला सात-आठ वर्सं तरी लागतील,’’ सोनाबाई म्हणाल्या. ‘‘कलमं मी लावते. घंटाघराचं ह्यास्नी इचारा.’’

‘‘बांधतो,’’ दादासाहेब म्हणाले.

त्या प्रमुखांनी आपल्या अहवालात काय लिहिलं, ते आमच्याकडे तोंडपाठ आहे. ‘अर्जातील मजकूर आज पुरता खरा नाही. मंडळ तो खरा करील असे मला वाटते. परवानगी द्यावी.’ जूनमध्ये महाविद्यालय उघडलं. हजेरीपटावर पहिलं नाव यमुना ढवळे. आमराई तुम्ही येताना पाहिलीत. घंटाघर मात्र अजून अर्धंच आहे, पण ते कुणाकडे आहे हे इतिवृत्तात नोंदलेलं आहे. सध्या ते उपाध्यक्षांकडे आहे आणि ते तो विषय निघाला की चहा मागवतात.

जूननंतरच्या पहिल्याच सभेत ग्रंथालयाचा ठराव आला. विष्णुपंतांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. दादासाहेब म्हणाले, ‘ठराव संमत.’ सोनाबाईंनी विचारलं, ‘‘आन ह्यो खननार कोन?’’ सगळे हसले. मग हसू थांबलं आणि काटकर सरांनी हात वर केला. तेव्हापासून प्रत्येक ठराव पूर्ण वाचायचा, आणि संमत करण्याआधी सगळ्यात नव्या सदस्यानं विचारायचं, खणणार कोण? कोणी ‘मी’ म्हटलं की त्याचं नाव ठरावाखाली लिहायचं. कोणीच म्हटलं नाही तर ठराव बारगळतो. मी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून तीन वर्षं मंडळावर होतो. फार सुंदर सुंदर ठराव त्या प्रश्नापाशी येऊन बसलेले मी पाहिले आहेत.

पंधराएक वर्षांनी दादासाहेबांनीच एक ठराव मांडला. तळ्याला सोनाबाईंचं नाव द्यावं, संगमरवरी फलक लावावा. सोनाबाई तेव्हा फार थकल्या होत्या, पण सभेला येत. सगळ्यांनी आनंदानं मान हलवली. नव्या सदस्याच्या आधी सोनाबाईंनीच विचारलं, ‘‘खननार कोन?’’

‘‘नावाला काय खणायचं, मावशी?’’

‘‘नाव लावलं की लोकं फलक पुसत्यात. गाळ कोन काढनार?’’

दादासाहेब सत्तरीला आले होते. तरी म्हणाले, ‘‘मी काढीन. आहे तोवर मी काढीन.’’

‘‘मग नाव कशाला?’’ सोनाबाई म्हणाल्या. ‘‘तुमी हायसा की.’’

तो ठराव बारगळला. ही हकिकत मी किती वेळा सांगितली असेल, पण इथे आलं की मला अजून भरून येतं. दादासाहेब त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि दर वर्षी सभेआधी पहिलं घमेलं त्यांनी काढलं. शेवटच्या वर्षी खाली उतरवेना, तेव्हा त्या कोपऱ्याच्या काठावर बसून त्यांनी ओंजळीनं गाळ भरला. भरायला अर्धा तास लागला म्हणे. मंडळ तेवढा वेळ उभं राहिलं आणि सभा उशिरा सुरू झाली.

आजही वार्षिक सभेच्या दिवशी अध्यक्ष आधी तळ्यात उतरतात. मग प्राचार्य, मग चिटणीस, मग ज्येष्ठतेप्रमाणे बाकीचे. प्रत्येकी पाच घमेली. हात धुवायचे ते सभा संपल्यावर, म्हणून आमच्या इतिवृत्तांच्या पानांवर बोटांचे डाग आहेत. आणि आजही इथे काही वाचलं असं समजलं जात नाही. ते पाहा, अध्यक्षबाई पदर खोचून पायऱ्यांपाशी येऊन उभ्या आहेत. तुम्ही चौघं नवे, तेव्हा तुमचा नंबर शेवटी. घमेली झाडाखाली ठेवली आहेत. चपला इथेच काढा, खाली घसरतं.